दुसऱ्या कप्प्यातला पत्ता

“शांता, बघत काय बसलीस? सही कर नि कामाला लाग.”

घरमालक आबासाहेब व्हरांड्यात झोपाळ्यावर. आई तीन पायऱ्या खाली, उन्हात उभी. हातात टाइप केलेला कागद. मी तिच्या खांद्यावरून वाचला. ‘मैं यहाँ नौकर हूँ, मालिक की मेहरबानी से रहती हूँ. इस जगह पर मेरा कोई हक नहीं.’

बावीस वर्षं आई या घरची धुणीभांडी करते. मागच्या खोलीत आम्ही राहतो, मी तिथेच जन्मले. भाडं पगारातून परस्पर कापतात. पावती कधी नाही. आता सिंहस्थासाठी रस्ता रुंद होणार, खोली पडणार. मंगळवारी सर्वेवाले येणार. इथल्या पत्त्याचा कागद दाखवेल त्याला दुसरी जागा. बाकीच्यांनी आपलं बघावं.

कुठले कागद चालतात ते मला कोणी सांगायला नको. देवास गेटजवळच्या ऑनलाइनच्या दुकानात मी दिवसभर लोकांचे फॉर्म भरते. लाइट बिल, गॅसचं पुस्तक, राशनकार्ड, वोटर कार्ड, किरायानामा. सगळं पाठ. आणि यातले आमचे जे आहेत ते आबासाहेबांच्या कपाटात. आमच्या आधारवर अजून मामाचा बऱ्हाणपूरचा पत्ता. तो बदलायलाही हेच कागद लागतात.

आईनेच नेऊन दिले होते. खोलीत ओल, कागद कुजायला लागले होते. आबासाहेब म्हणाले, “माझ्याकडे ठेव. इथे हिंदी मुलखात मराठी माणसाला मराठी माणूसच.” केवढं भरून आलं होतं तिला! भैरवगढच्या छापाच्या हिरव्या कपड्यात सगळं बांधून दिलं. लागले की मागायचे, मिळेपर्यंत ताटकळायचं, पुन्हा ठेवायला द्यायचे. तिच्या या भाबडेपणाचा मला राग येतो. फॉर्म भरणारी मी, मीही कधी म्हटलं नाही की कागद परत आण.

“आमचे कागद द्या,” मी म्हणाले.

“कसले कागद?” झोपाळा थांबलासुद्धा नाही.

आई खाली मान घालून उभी. दर दिवाळीत मागच्या दाराने आत जाऊन ते कपाट तीच पुसते. तिचा हात कपाटाला चालतो. तिचे पाय व्हरांड्याला चालत नाहीत.

तिने पेन उघडलं. मी कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि पायऱ्या चढले. तिन्ही. आबासाहेबांसमोर उभी राहिले.

“दुसरा कप्पा. हिरवा कपडा.”

आता झोपाळा थांबला. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. अगदी हळू बोलले.

“वर आलीस? ठीक आहे बेटा. मंगळवारला अजून चार दिवस आहेत. लाइट माझी, नळ माझा, फाटक माझं. सोच ले. आणि तो कागद इकडे दे.”

मी कागद पुन्हा बघितला. रोज शंभर कागद बघणारी माझी नजर थेट तळाशी गेली. तिथे त्यांनी साक्षीदार म्हणून आपल्या हाताने लिहून ठेवलं होतं, ‘शांता बाईस साल से मेरे पीछे के कमरे में रहती है.’ खाली त्यांची सही. वर घर नंबर, गल्ली, सगळं. हक्क नाही म्हणणाऱ्या मजकुराखाली आईची सही हवी होती. ती जागा कोरीच होती. म्हणजे हा आमच्याच पत्त्याचा कागद.

“नाही देणार,” मी म्हणाले.

संध्याकाळी खोलीतली लाइट गेली. सकाळी नळ कोरडा. काल फाटकाला नवं कुलूप दिसलं आणि दोन अनोळखी माणसं दिवसभर समोर बसून होती. आई म्हणते, “पोरी, देऊन टाक, मारून टाकतील.” भीती मलाही वाटते. रात्री कडी दोनदा बघते.

कागद माझ्या अंगावर आहे. फाटकाला कुलूप लागायच्या आधीच झेरॉक्सा पाच घरी ठेवल्यात. तेव्हाच दुकानातून कागदाचे फोटो तक्रारीसोबत कलेक्टर ऑफिसला पाठवलेत, त्यात हिरव्या कपड्याचंही लिहिलंय. खोली पाडायची तर पाडतील. पण त्याआधी त्या सर्वेवाल्यांना मी व्हरांड्यात बोलावणार आहे, आणि आई पुढच्या पायऱ्यांनी वर येऊन त्यांना दुसरा कप्पा दाखवणार आहे.