चावा कुणाचा

मीटरभाऊंना चावलं ते पामेरियन. पांढरं, उशीतल्या कापसासारखं, गळ्यात घुंगरू. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला भाऊ जिन्याखाली वाकले, तेवढ्यात ते मागून आलं, पोटरीला डसलं आणि घुंगरू वाजवत पसार झालं. कुणी पाहिलं नाही, हीच सगळी पंचाईत. चारचौघांसमोर चावलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

भाऊ तसे कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण फुशारकीचे. अर्धं आयुष्य लोकांच्या जिन्यांखाली टॉर्च मारण्यात गेलेलं. माणसाला सांगण्यासारखं काहीतरी हवं ना! मीटरच्या पेटीत एकदा निघालेला साप त्यांच्या तोंडी दर वर्षी हातभर वाढायचा. भाजी निवडता निवडता बायको म्हणायची, "पुढच्या वर्षी त्याला पाय फुटतील." भाऊही हसायचे. आता अशा माणसानं ऑफिसात जाऊन कोणत्या तोंडानं सांगायचं, की आपल्याला घुंगरूवालं कुत्रं चावलं?

"कुणाचं हो कुत्रं?" साहेबांनी विचारलं. सगळे माना वर करून बघत होते.

"तिसऱ्या मजल्यावरचं," भाऊंच्या तोंडून निघून गेलं. "ते धिप्पाड रॉटवायलर."

झालं. पुढे एकानंही विचारलं नाही. जखम एवढीशीच कशी, त्या जबड्यातून पोटरी शाबूत कशी सुटली, काही म्हणजे काही नाही. "त्या जातीचं रक्तच तसलं," एकजण म्हणाला. "खाण तशी माती," दुसऱ्यानं पुस्ती जोडली. दवाखान्यात इंजेक्शन देणारी बाईसुद्धा जखम बघून एवढंच म्हणाली, "नशीबवान आहात, ओझरतं लागलं." खोटं बोलणं इतकं सोपं भाऊंना कधी गेलं नव्हतं. सापासाठी यापेक्षा जास्त मेहनत पडायची.

ऑफिसातून इमारतीच्या अध्यक्षांना फोन गेला आणि तिथं बैठक बसली. तिसऱ्या मजल्यावर सिस्टर राहायच्या. इस्पितळातून निवृत्त झालेल्या, एकट्या. भाच्यानं आणून दिलेलं ते पिल्लू त्यांनी चमच्यानं दूध पाजून वाढवलेलं. बैठकीत ठरलं की रविवारच्या आत कुत्रा इमारतीबाहेर गेला पाहिजे. शहराबाहेर एक जागा होती, तिथं असले कुत्रे पिंजऱ्यात ठेवून घ्यायचे. ही बातमी भाऊंना ऑफिसात मिळाली, तीही पाठीवर थाप मारून.

तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिना. जेवता जेवता पाणी घ्यायला उठायचे आणि कशाला उठलो तेच विसरायचे. एका घराचं रीडिंग दुसऱ्याच घराच्या नावावर टाकलं. पोटरीवरची खपली खाजवून खाजवून काढली. कुठं कुत्रं भुंकलं की हातातलं काम तसंच राहायचं. बायकोनं थोडे दिवस बघितलं आणि मग सरळ विचारलं,

"पाय दुखतोय, का मन खातंय?"

भाऊंनी सगळं ओकून टाकलं. ती आधी पोट धरून हसली. "घुंगरूवालं? अगबाई!" मग तिचं हसू थांबलं. "अहो, पण त्या बाईंचं काय? जित्याची खोड म्हणतात ती तुमची आहे, त्या मुक्या जनावराची नाही. उद्याच्या उद्या जाऊन सांगून या."

गेले. अध्यक्षांच्या सोफ्यावर तेच पामेरियन राजासारखं बसलेलं. भाऊंना पाहताच त्यानं दात विचकले.

"साहेब, मला चावलं ते हे."

अध्यक्ष खो खो हसले. "हा? अहो, हा झुरळ दिसलं तर पलंगाखाली शिरतो."

तोवर हा खाली उतरून भाऊंची पँट ओढायला लागला होता. "खेळतोय," अध्यक्षांच्या बायकोनं खुलासा केला.

"देवाशपथ सांगतो, मी खोटं बोललो. एवढंसं कुत्रं चावलं म्हणायची लाज वाटली."

"कळलं, कळलं. सिस्टरांनी गळ घातली ना? आणि तुम्ही पडलात मऊ मनाचे. पण उद्या त्यानं कुणाचं पोर फाडलं म्हणजे? भाऊ, मोठा जबडा तो मोठाच जबडा."

या शेवटच्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून भाऊंनी चपला पायात सरकवल्या. जन्मभर थापा पचल्या आणि एकदाच खरं बोलायला गेलो तर कुणी घेईना, असं पुटपुटत ते जिना चढून वर गेले. निदान सिस्टर तरी ऐकतील.

सिस्टरांनी दार उघडलं. कुत्रा गॅलरीत साखळीला बांधलेला, तोंडाला मुसकं, मान पंजांवर टाकून पडलेला. भाऊंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सिस्टर नुसतं म्हणाल्या, "पाय दाखवा." पोटरीवर वाकून त्यांनी खुणा पाहिल्या.

"हे त्याचे दात नव्हेत."

"तेच तर सांगतोय! सोडा त्याला. मी पुन्हा बैठक बोलवायला लावतो, सगळ्यांसमोर ओरडून सांगतो."

"नको. शहराबाहेरच्या त्या जागेवर फोन मीच केलाय. अध्यक्षांनी नाही."

"तुम्ही?"

सिस्टर खुर्चीत बसल्या. "सहा वर्षं हा माझ्या पायथ्याशी झोपला, भाऊ. तुमचं ऐकलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी याचा जबडा बघितला. आता हा जांभई देतो आणि माझ्या छातीत धस्स होतं. मी दचकते, म्हणून तोही दचकतो. घाबरलेलं माणूस आणि घाबरलेला कुत्रा एका घरात राहिले, तर एक दिवस खरंच काहीतरी होईल."

"पण त्यानं काही केलेलं नाही हो!"

"पटतंय मला. पण हात पुढे होत नाही."

"थांबा, मी दाखवतो तुम्हाला," म्हणत भाऊ गॅलरीत गेले, उकिडवे बसले आणि मागचा पट्टा सोडून त्यांनी मुसकं उतरवलं. कुत्र्यानं ओठ चाटले. डोकं उचलून त्यांच्याकडे पाहिलं. भाऊंनी हात पुढे केला. कुत्रा वास घ्यायला जरासा पुढे सरकला, तोंड किंचित उघडलं, आणि भाऊंचा हात हवेतच थांबला. कुत्रं निर्दोष आहे हे त्यांच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वतःला बजावलं, दटावलं, मनातल्या मनात शिवीसुद्धा घातली. पण बोटं आपोआप मिटली, आणि हात मागे आला.

"बघा," सिस्टर दारातून म्हणाल्या, "आणि तुम्हाला तर खरं काय ते माहीत आहे."