नाक एकावर, साडी दुसऱ्यावर

जुना होम कॉम्प्युटर घ्यायचं वेड मला पन्नाशीनंतर लागलं. अंबडच्या एका कारखान्यात मी मोठ्या स्क्रीनवर सुट्या भागांची ड्रॉइंग करतो. तिथे ठिपके दिसतच नाहीत. घरच्या टीव्हीला जोडायची ती जुनी यंत्रं मोजक्या ठिपक्यांत चित्र कसं उभं करायची, ते जवळून बघायचं होतं.

गंगापूर रोडला राहणाऱ्या एका काकूंकडे अशी दोन यंत्रं होती. त्यांचे यजमान इंजिनिअर. ते गेल्यावर दोनपैकी एक कुणा हौशी माणसाला द्यायचं काकूंनी ठरवलं होतं. मी वाचून तयारीनिशी गेलो. एकावर आडवे दोनशे छप्पन ठिपके, पण आठ बाय आठच्या प्रत्येक चौकोनात रंग दोनच. दुसऱ्यावर रंग जास्त, पण ते वापरायचे तर आडवे ठिपके एकशे साठच, तेही जाडे. बारीक ठिपक्यांचंच घ्यायचं, असं मी ठरवूनच गेलो होतो.

"आधी बघा तर," काकू म्हणाल्या. "ह्यांनी दोन्हींवर माझंच चित्र काढलंय. लग्नातलं."

पहिल्या यंत्राला जुना टीव्ही जोडून त्यांनी चित्र साठवलेली कॅसेट लावली. टेप किरकिरू लागली आणि काळ्यापांढऱ्यात एकेक रेघ उमटत गेली. मुंडावळ्या, नथ, सरळ नाक. मग वरून खाली रंग भरत आले, आणि साडीच्या काठाचा हिरवा रंग हनुवटीवर सांडला.

काकू हसल्या. "नाक मात्र माझंच आहे."

दुसऱ्या यंत्रावर नाक म्हणजे नुसत्या विटा. पण साडी डाळिंबी, काठ हिरवा, हळदीचा हात पिवळा, सगळं जागच्या जागी. मी स्क्रीनला नाक लावून बघत होतो.

"मागे सरका," त्या म्हणाल्या.

मी दारापर्यंत मागे गेलो. विटा एकमेकींत मिसळल्या आणि खुर्चीत बसलेल्या काकूंचाच तरुण चेहरा माझ्याकडे बघू लागला. एवढ्या जाड्या ठिपक्यांत एका माणसाने हे केलं होतं, ठिपका ठिपका ठरवून.

"तुम्हाला कुठलं ठेवायचंय?" मी विचारलं.

त्यांनी दुसऱ्या यंत्रावर हात ठेवला. "हे रंगाचं राहू दे. ती साडी आता कुठे आहे? लग्नाचे फोटोही काळेपांढरेच."

बारीक ठिपक्यांचं यंत्र मी घरी आणलं. पुस्तकात बघून वर्तुळ काढायची आज्ञा टाइप केली. ठिपका ठिपका करत रेघ वळू लागली. बायको भाजी निवडता निवडता थांबली.

"आपोआप वळतंय?"

"हिशेब करतंय," मी म्हणालो.

ती ताट बाजूला ठेवून माझ्याशेजारी बसली. रेघेची दोन्ही टोकं जुळेपर्यंत ती उठली नाही.