घरी फोन लावायची शिक्षा

पनवेलला मी टिकलो तो जनामामांमुळे, हे आधी लिहितो. ते गेले हे लिहायला हात अजून धजत नाही... गेल्या आठवड्यात सकाळी साइटच्या गेटवर वॉचमन म्हणाला, "तुझे मामा गेले रे, हार्टचा झटका आला." सख्खे नव्हेत, साइटवर सगळेच त्यांना मामा म्हणायचे.

आठवीत शाळा सोडून परभणीकडून पनवेलजवळच्या विचुंब्याच्या या बांधकामावर आलो, तेव्हा मामा सेफ्टी बघायचे. करंजा बंदराचे कोळी, अर्धं आयुष्य होडीवर काढलेले. सेफ्टी पट्ट्याचा हूक न अडकवता कोणी परांचीवर दिसला, की साइटचा नियम ठरलेला : हजेरी कापायची, पुन्हा सापडला तर गेटपास काढून घ्यायचा. प्लास्टर करताना सारखा हूक काढून पुढे अडकवायचा कंटाळा येतो, म्हणून मीही तसाच दोनदा सापडलो. गेटपास गेला तर कोणत्या तोंडाने गावी जाऊ? मी मामांचे पायच धरले.

"पाय सोड. घरी फोन लाव. आयशीला सांग, मी बिनहुकाचा चढलो."

"मामा, हजेरी कापा, पण हे नको."

"आमच्या करंजाला घरी सांगूनच होडी काढतात. तू कुठं लोंबकळतोस ते तिला ठाव हाय का?"

खाली सगळे हसत होते. "लाव रे लाव, आईचं बाळ!" मी लावला. आई रडली नाही. "त्यांच्याकडे दे," एवढंच म्हणाली. गेटपास वाचला, आणि मग दर रविवारी तिचा फोन मामांनाच. मामा सांगायचे, "लावतो गं बाय हूक. मी हाय ना बघायला." या शब्दावर तिने मला इथे राहू दिलं.

आता मामांच्या जागी आलेले नवे साहेब दंड लावतात आणि निघून जातात. दंड भरलेला माणूस दुसऱ्या दिवशी तसाच चढतो. माझं कामात लक्ष लागत नाही, नजर सारखी दुसऱ्यांच्या पट्ट्यांवर... मामा गेल्याचं आईला मी कळवलंच नव्हतं. परवा रविवारी तिने मामांना फोन लावला, तो मामींनी उचलला. लगेच मला फोन करून म्हणाली, "आता तुझ्यावर ध्यान कोण ठेवील रे? ये निघून."

आज परांचीपाशी मीच तिला फोन लावला. हूक अडकवला, मामा बघायचे तसा दोनदा ओढला. "आई, वर चाललोय. हूक लावलाय. उतरलो की सांगतो." ती म्हणाली, "सांग मात्र." संध्याकाळी उतरल्याबरोबर सांगितलं. उद्याचं उद्या.

मामा, हे उपकार मी फेडीन. शिक्षा द्यायचं काम कधी माझ्या हाती आलं, तर हजेरीला हात लावायच्या आधी सापडलेल्याला घरी फोन लावायला लावीन. आणि पलीकडून कोणी "त्यांच्याकडे दे" म्हणालं, तर फोन घेईन.