सगळ्यात जड फोटो

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जागा भरल्याची लाल पट्टी आली की मी हातातला चहा तसाच ठेवतो. आमच्या विणकर सोसायटीचं ईमेल एकच, तेही फुकटातलं. ते भरलं की सुताची नवी ऑर्डर अडकते, माग थांबतात. मग आमच्या क्लार्क सुनंदाबाई जुनी मेलं उडवायला बसतात. मी शिपाई, मला त्यातलं काय कळतंय? तरी त्यांच्या खुर्चीमागून हलत नाही.

आमच्या हिच्या आजारपणात दवाखान्यातून एक्स-रे याच मेलवर यायचे. घरात मेल होतं कुणाकडं? ती गेली, ते राहिले.

आज बाई म्हणाल्या, "काका, सगळ्यात जड काकूंचेच फोटो आहेत. उडवू?"

"प्रिंट काढा की."

"शाई संपलीय. सचिवसाहेबांना सांगा, पेनातली देतील!"

जड म्हणे. तिची खाट देऊन टाकली, लुगडी वाटली, घर नुसतं मोकळं मोकळं झालं. आणि ज्याला वजनच नाही, त्याची इथं अडचण. एका फोटोत तिचा हात आहे. नुसती हाडं, पण बांगड्या दिसतात. काढा म्हणाले तेव्हा दवाखान्यात भांडली होती.

पण माग थांबलेत, तिकडं लोकांच्या चुली आहेत. मी म्हणालो, "हात तेवढा ठेवा. बाकी उडवा."

बाईंनी एक फोटो उघडला. "हाच ना? नीट बघा, एकदा गेला की परत नाही."

मी चष्मा पुसला, परत पुसला. तरी हाडं कुठली आणि बांगड्या कुठल्या, मला काही दिसेना.