बाईंचं शून्य

"या शिक्षिकेला वगळा," असं माझ्या पीएच.डी.साठी बाहेरून नेमलेले तज्ज्ञ ऑनलाइन बैठकीत पडद्यावरून म्हणाले, आणि ते म्हणण्याआधी हसले. नुसतं वगळा म्हणाले असते तर मी वाद घातला असता, चार संदर्भ तोंडावर फेकले असते आणि विसरले असते. पण ते हसले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती अजून पुरती उतरलेली नाही. उतरावी असं मला वाटतही नाही.

मी खामगावात हायस्कूलला शिकवते. नोकरी सांभाळून पीएच.डी. करत होते, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या पद्धतीला स्टिम्युलेटेड रिकॉल म्हणतात, मराठीत उद्दीपित स्मरण. नावाला घाबरू नका, काम सोपं आहे. शिक्षकाच्या तासाचा व्हिडिओ घ्यायचा. दुसऱ्या दिवसाच्या आत तो त्यालाच दाखवायचा, मधे मधे थांबवायचा आणि विचारायचं, या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं? असं का केलं, हे मात्र विचारायचं नाही. का विचारलं की माणूस कारण देतो, आणि कारण नसेल तर पदरचं घालून देतो. ही माझी अक्कल नाही, पद्धतीचा नियमच आहे.

माझ्या अभ्यासातल्या सहा शिक्षकांपैकी एक या बाई. खामगावपासून काळीपिवळी जीपनं तासाभराच्या खेड्यात दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा, तिसरी-चौथी एकाच खोलीत, आणि निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या बाई. मी मोबाईल खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला तेव्हा त्या म्हणाल्या, "नीट बांध वं पोरी, पडंल न बिनकामाचा."

तास भागाकाराचा होता. बाईंनी फळ्यावर चौऱ्याऐंशी भागिले चार मांडलं, अर्ध्यावर आणलं आणि अचानक सगळं पुसून बारा भागिले चार घेतलं. पोरांचे चेहरे एकदम खुलले. मी मागे बसून वहीत तारा काढला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत लॅपटॉप उघडला आणि तिथेच थांबवला. मला वाटलं, आता काहीतरी घबाड हाती लागणार.

"बाई, या वक्ती तुमच्या मनात काय चालू होतं?"

"मले काय मालूम? हात गेला न पुसलं."

"काहीच आठवत नाई?"

"नाई आठवत. लिहून घे, नाई आठवत मनून."

मी लिहून घेतलं. पुढे व्हिडिओ चालू राहिला. बाई स्वतःकडे बघतच नव्हत्या, पोरांकडे बघत होत्या. पडद्यावरच्या एकाला "अरे खाली बस" असंही म्हणून झालं. मला हसू आवरेना. तेवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं.

"थांबव. मांगं घे जरा."

मी मागे घेतलं. शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसलेल्या एका मुलीनं हात वर केला होता. बाई दुसऱ्याच मुलाशी बोलत होत्या. मुलीनं हात खाली घेतला, पुन्हा वर केला. तिसऱ्या वेळी तिनं दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला होता. मग तिनं हात मांडीवर ठेवला आणि तास संपेपर्यंत उचलला नाही.

"ते पोरगी हात वर करून राह्यली न मले दिसलीच नाई," बाई म्हणाल्या. त्यांनी तो तुकडा चार वेळा बघितला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. "कवापासून करत असंल वं हे? रोजचंच असंल का?"

मी पद्धतीप्रमाणे विचारलं, त्या वेळेस मनात काय चाललं होतं. "काईच नाई," बाई म्हणाल्या. "नाई दिसली. एवढंच लिव."

आता माझा गुणतक्ता. चिंतनाची पातळी शून्य ते चार. शून्य म्हणजे शिक्षक स्वतःच्या कृतीचं कारण सांगू शकत नाही. माझ्या मार्गदर्शक सरांनी तक्ता सुचवला, मी मान डोलावली, दोष माझाही आहे. इतर पाच जणांना तीन-चार पडले होते. काय सुंदर बोलले होते सगळे! बाईंना जागोजागी शून्य. प्रगती अहवालाच्या ऑनलाइन बैठकीत मी बाईंच्या परवानगीनं त्यांच्या उत्तराचा तुकडा ऐकवला. "हात गेला न पुसलं" ऐकताच तज्ज्ञ हसले आणि म्हणाले, या शिक्षिकेला वगळा, शहरातलं कुणीतरी बोलकं घ्या. पंधरा दिवसांत सुधारित अहवाल द्या. माझी ती शेवटची मुदतवाढ होती. बाई ठेवल्या तर पीएच.डी. जाणार, पीएच.डी. ठेवली तर बाई जाणार, असा सरळ हिशेब.

सरांनी संध्याकाळी फोन केला. सर वाईट नाहीत, भित्रे आहेत. म्हणाले, "वगळायचं नसेल तर त्यांना पुन्हा एकदा विचारा. थोडं बोलतं करा. काहीतरी कारण निघेलच."

आणि लाज वाटते सांगायला, मी गेले. किरकोळ रजा टाकून, काळीपिवळीत कोंबून घेऊन, बाईंकडून कारण काढायला गेले. मी इकडून विचारलं, तिकडून विचारलं. पोरं गोंधळली असं वाटलं का? सोप्याकडून अवघडाकडे जायचं ठरवलं होतं का? त्या मुलीला मुद्दाम थांबू दिलं का, विचार करायला वेळ म्हणून?

बाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुले काय पायजे ते सांग पोरी, तसं मनून देतो मी. तुहं काम अडून नाई राह्यलं पायजे."

माझ्यासाठी त्या खोटं बोलायला तयार होत्या, आणि ते सरळ सांगत होत्या. मी वही मिटली. खोलीत बघितलं तर ती मुलगी पहिल्या ओळीत, बाईंच्या टेबलाला चिकटून बसलेली. व्हिडिओ बघितल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती तिथेच बसते, असं शेजारच्या पोरानं सांगितलं. बाईंनी हे मला सांगितलंही नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं आणि माझ्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

परत येताना मला माझाच व्हिडिओ आठवला. पद्धत जमते का बघायला मी आधी स्वतःच्या तासाचं चित्रीकरण केलं होतं. त्यात एक मुलगा उत्तराला अडखळतो आणि मी गप्प उभी राहते. तिथे मी ऐटीत लिहिलं होतं, विद्यार्थ्याला विचारासाठी अवधी दिला. गुण चार. घरी येऊन पुन्हा लावला. मी त्या मुलाकडे बघतच नव्हते हो! तास संपायला किती वेळ आहे, ते घड्याळात बघत होते. आणि मला चार, बाईंना शून्य! चुलीत गेला तो तक्ता, असं मी मोठ्यानं म्हणाले.

दुसऱ्या बैठकीत मी बाईंना वगळलं नव्हतं. तज्ज्ञांचा चेहरा पडला. "तुम्हाला सूचना कळली नाही का?"

"कळली, सर. आधी एक तुकडा दाखवते." मी पंधरा दिवसांपूर्वीच्या बैठकीचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर तेच तज्ज्ञ. बाईंचा आवाज, "हात गेला न पुसलं." मग त्यांचं हसणं, चांगलं खांदे हलवून. तिथे थांबवलं.

"सर, या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं?"

आमच्या सरांनी कॅमेरा बंद केला.

"हा काय प्रकार आहे?" तज्ज्ञ म्हणाले. "पंधरा दिवस झाले त्याला."

"म्हणूनच व्हिडिओ दाखवला, सर. हीच माझी पद्धत आहे. का हसलात हे मी विचारत नाही. मनात काय होतं, एवढंच."

ते कारण शोधतायत हे दिसत होतं, आणि त्यांना ते सहज सापडलं असतं, शिकलेल्या माणसाला काय तोटा? पण माणूस प्रामाणिक निघाला, हे मी मान्य करते.

"नाही आठवत," ते म्हणाले. "हसू आलं, हसलो."

"थँक्यू, सर. बाईंनीही हेच सांगितलं, तर तक्त्यानं त्यांना शून्य दिलं. तुम्हाला किती लिहू?"

मी माझ्या घड्याळाचा किस्साही सांगून टाकला, आता कशाला ठेवायचा? मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बाईंना राहू द्या. तक्ता बदला." आणि कॉल सोडून गेले.

पुढच्या शनिवारी सकाळच्या शाळेला जाऊन मी बाईंना सगळं साभिनय ऐकवलं. मला वाटलं, पाठ थोपटतील. बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली.

"काऊन वं एवढी चिडली त्याच्यावर? नसंल आठवत बिचाऱ्याले."

"बाई, तो तुमाले हसला!"

"हसू दे न." त्या वहीकडे वळल्या. "त्यानं सांगतलं न खरं? मंग झालं."

असेल. बाईंनी माफ केलं असेल, मी केलेलं नाही. माझ्या प्रबंधात बाईंचं "नाई दिसली" जसंच्या तसं आहे, एक अक्षर न बदलता. पुढे नवा रकाना आहे, "त्यानंतर काय केलं". तिथे लिहिलंय, पोरीला पुढे बसवलं. माझ्या स्वतःच्या "घड्याळात बघत होते" या उत्तरापुढचा तो रकाना अजून रिकामा आहे.