जिथं अडेल तिथं

परवा दाराला रंग देणाऱ्यानं टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि त्या वासासरशी शहराच्या लष्कर नावाच्या भागातला आमच्या संस्थेचा जनावरांचा दवाखाना आठवला, कारण जखमेतले किडे काढायला तिथं तेच वापरत. मी नुकतीच तिथं हिशेब बघायला लागले होते. एका दुपारी वीटभट्टीवरची गाढवी आणली, मागचा पाय सडत चाललेला, आणि खात्यात उरले होते ते फक्त माधवगंजातल्या एका काकूंनी कुत्र्यांसाठी म्हणून दिलेले पैसे. "बँक में तो सब एक ही जगह है, निकाल लो," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, विचारून येते. काकूंच्या दारामागे खुंटीला त्यांच्या गेलेल्या कुत्र्याचा पट्टा अजून लटकत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाल्या. "ते त्याच्या नावाचे आहेत, कुत्र्यांनाच लागू देत." मी उठेपर्यंत त्या चपला घालून जिना उतरायला लागल्या होत्या. माझ्याबरोबर टेंपोनं दवाखान्यात आल्या, गाढवीच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या, मग पर्समधून वेगळे पैसे काढले. पावतीवर कशासाठी लिहू, मी विचारलं. "जिथं अडेल तिथं, असं लिही. तू विचारायला आलीस, मला तेवढं पुरे." गाढवी लंगडत का होईना, चालायला लागली. काकू आता नाहीत. 'जिथं अडेल तिथं' या नावाचं खातं मात्र चालू आहे, दुसरेही त्यात देतात, आणि त्यातलं काही खर्चायच्या आधी मी अजून मनातल्या मनात माधवगंजातला तो जिना चढून येते.