तळहातावर तोललेले सेल

माझ्या हातातल्या रेडिओ स्कॅनरवर विमानतळाशी चाललेलं वैमानिकाचं बोलणं ऐकू येतं. मुलीचं विमान नागपूरला उतरत होतं, नेमके तेव्हाच नवे चार्जिंगचे सेल संपले. वेष्टनावर क्षमतेचा सगळ्यात मोठा आकडा होता, म्हणून मी भुललो होतो. राग काही शमेना. रविवारी ती परत जाणार होती, म्हणून आदल्या दिवशी दुकान गाठलं.

हलकं संत्रं आतून कोरडं निघतं, हे मी हातगाडीवर संत्री विकताना शिकलो. दुकानातले सगळे सेल मी एकेक करून तळहातावर तोलू लागलो. माप एकच, पण मोठ्या आकड्याचे पोचट आणि लहान आकड्याचे भरीव.

“काका, सेल वजनावर घेऊन राहिले का?” दुकानदार हसला.

“तुह्या पोचट सेलांनी मले पोरीचं विमान ऐकू दिलं नाही. भरलेले दे.”

मागचं गिऱ्हाईक पुढे सरकलं. “मले बी तोलू द्या, काका.” त्याच्यामागे आणखी दोघं आले. दुकानदाराने घाईघाईने जड सेल बदलून दिले आणि हात जोडले.

रविवारी विमान दिसेनासं झालं, तरी वैमानिक स्वच्छ ऐकू येत होता. त्या दुकानासमोरून जाताना मी अजूनही मुद्दाम तळहात वरखाली करून दाखवतो.